एकट्याच गेल्या हो, इंदूरला!

बातमी पक्की आहे. दोन-तीन ठिकाणी खातरजमा केल्याशिवाय आम्ही तोंड उघडत नाही, उगाच कुणाची बदनामी नको. तर आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत, सी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या वहिनी, वय सत्तेचाळीस, नोकरी बँकेत, मुलगी हॉस्टेलवर, नवरा धडधाकट आणि निर्व्यसनी, म्हणजे तक्रारीला कुठेच जागा नसलेल्या बाई, गाडी काढून एकट्या इंदूरला गेल्या. रेल्वेने नाही हं! बोरिवलीला संध्याकाळी अवंतिका एक्स्प्रेसमध्ये चढलं की सकाळी डोळे चोळत इंदूरला उतरता येतं, हे आमच्या इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बाईंनी स्वतः गाडी हाकली. साडेपाचशेच्या आसपास किलोमीटर. शेजारच्या सीटवर कोण, तर पर्स. तिलाही सीटबेल्ट लावलेला! नाहीतर वजन लागून गाडी सारखी टुंई टुंई करते म्हणे.

वॉचमनने पहाटे पाचला गाडी बाहेर पडताना पाहिली. पहाटे पाचला घाईघाईने गाडी निघते म्हणजे काय समजायचं ते आपण सगळेच समजतो. सातच्या आत तीन घरांतून ‘काही लागलं तर सांगा हो’ असे निरोप गेले, चौथ्या घरातून तर चहाचा थर्मास आणि पांढरा सदरा घातलेले काका जातीने पोचले. दार नवऱ्याने उघडलं. हातात पोह्यांची बशी. ‘कोण गेलं?’ म्हणून काकांनी हळूच विचारलं, तर हा म्हणतो, ‘ही गेली. इंदूरला. फिरायला.’ काकांना पायरीवर बसावं लागलं.

आता तुम्ही म्हणाल, त्यात एवढं काय? तीच तर गंमत आहे. बाई गाडी चालवतात याबद्दल आमची हरकत नाही, आमच्या सोसायटीत निम्म्या बायका चालवतात आणि निम्म्या पुरुषांपेक्षा बऱ्या पार्क करतात. बाई एकट्या जातात यालाही नाही. डोंबिवलीच्या बायका रोज सकाळी फास्ट लोकलमध्ये ज्या परिस्थितीत उभ्या राहतात, त्यापुढे इंदूरच्या वाटेवरचा बिजासनचा घाट म्हणजे विश्रांती. आमची हरकत एवढीच की, कारण काय?

आपल्याकडे गाव सोडायला कारण लागतं. देव, लग्न, मयत, बदली, बाळंतपण, कोर्टाची तारीख. वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली उत्तरेकडे निघाले, तेव्हा घरावर कर्ज होतं आणि बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळेल अशी खबर होती. शिवाय काका बरोबर होते. पुढे वाटेत बंड पेटलं, झाशीच्या वेढ्यात सापडले, लुटले गेले, तो भाग वेगळा. पण निघताना कारण चोख होतं, आणि परत येताना आईवडिलांसाठी गंगेची कावड होती. त्यांचं ‘माझा प्रवास’ 1907 साली छापून आलं तेव्हा ‘भटजीबुवा, गेलातच कशाला?’ असं कुणी विचारलं नसणार. आमच्या वहिनींना आम्ही नेमकं हेच विचारलं, तर म्हणाल्या, ‘इंदूर पाहिलं नव्हतं.’ घ्या! पाहिलं तर आम्ही गोव्याचं विमानतळही नाही, म्हणून काय लगेच गाडी काढायची?

या विनाकारण गाडी काढण्याच्या साथीचं मूळ शोधायला गेलं तर ते थेट जर्मनीत सापडतं. ऑगस्ट 1888. कार्ल बेंझ नावाच्या गृहस्थाने मोटारगाडी केली होती, पण विकली जात नव्हती. लोकांना भरवसा नव्हता. त्याची बायको बर्था एका सकाळी नवऱ्याला न सांगता ती गाडी घेऊन निघाली. कुठे? माहेरी! मानहाइमहून फोर्त्सहाइम, शंभरेक किलोमीटर. दोन मुलं बरोबर होती, म्हणून तिला अगदीच एकटी म्हणता येणार नाही, पण नवरा झोपलेला होता हे लक्षात घ्या. वाटेत इंधन संपलं. पंप तर तेव्हा जगात नव्हता, मग वाइसलोखच्या औषधाच्या दुकानातून कपडे साफ करायचा लिग्रोइन नावाचा द्रव घेतला आणि टाकीत ओतला. नळी तुंबली तेव्हा टोपीची पिन घालून साफ केली. एका वायरीला मोज्याचा बंद गुंडाळला. ब्रेक झिजले तर चांभाराकडून कातडं ठोकून घेतलं. आणि काही दिवसांनी परत आली, वर नवऱ्याला सांगितलं की तुझ्या गाडीला चढ झेपत नाही, आणखी एक गिअर घाल. त्या दुकानाला आज जगातला पहिला पेट्रोलपंप म्हणून मान आहे आणि त्या रस्त्याला 2008 पासून बर्थाबाईंच्या नावाच्या पाट्या आहेत. बायको न सांगता माहेरी गेली, तर तिचं स्मारक! तिथेच बिघडलं सगळं.

तरी बर्थाबाईंचं एक बरं होतं, त्यांच्या मागावर कुणी नव्हतं. आमच्या वहिनी म्हणे ‘एकट्या’ गेल्या. नावाला! मुलीच्या आग्रहाखातर त्यांनी फोनवर लाइव्ह लोकेशन चालू ठेवलं होतं. मुलीने ते मावशीला पाठवलं, मावशीने चुकून भगिनी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, आणि नकाशावरच्या त्या निळ्या ठिपक्याबरोबर आमच्या साठ-सत्तर बायका इंदूरला निघाल्या. दुसरा हेर म्हणजे फास्टॅग. गाडी नवऱ्याच्या नावावर, फोन नंबर नवऱ्याचा, त्यामुळे टोलनाका आला की पैसे कापल्याचा मेसेज थेट त्याच्या खिशात. फेब्रुवारी 2021 पासून फास्टॅग सक्तीचा झाला तो रांगा कमी व्हाव्यात म्हणून, असं सरकार सांगतं. खरा उपयोग आम्हाला त्या दिवशी कळला. घोटी, पिंपळगाव बसवंत, चांदवड, लळिंग. नवरा लिफ्टमध्ये उभा राहून एकेक नाव सांगत होता, आणि लोक ‘अरे वा, इतक्यात चांदवड?’ म्हणत होते.

चांदवडला मात्र ठिपका थांबला. पाच मिनिटं, दहा मिनिटं, पाऊण तास! ग्रुपवर नुसता कल्लोळ. कुणी म्हणे टायर फुटला, कुणी म्हणे चांदवडला यांची कुणी कॉलेजची मैत्रीण आहे, कुणी म्हणे मैत्रीणच कशावरून? एका आजींनी रेणुकामातेला पाच नारळ बोलून टाकले. मग कळलं की बाई त्या रेणुकेच्याच दर्शनाला गेल्या होत्या, आणि नंतर होळकरांचा रंगमहाल बघत बसल्या. आजींचे नारळ तेवढे अंगावर पडले.

कसारा घाटाला त्यांनी साफ टांग मारली, हेही सांगून ठेवतो. भिवंडीजवळच्या आमण्याला समृद्धी महामार्गावर चढल्या आणि इगतपुरीला उतरल्या. समृद्धीचा हा शेवटचा 76 किलोमीटरचा तुकडा 5 जून 2025 ला उघडला, त्यात आठेक किलोमीटरचा बोगदा आहे. ज्या घाटात आमच्या दोन पिढ्यांनी ट्रकच्या मागे बसून लिमलेटच्या गोळ्या चघळल्या, ओकाऱ्या काढल्या, त्या घाटाचं वळणसुद्धा न बघता ही बाई पलीकडे! प्रवासात थोडा तरी त्रास नको का?

तयारी ऐकाल तर आणखी हबकाल. निघण्याच्या आदल्या रविवारी बाई कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे स्टुलावर बसलेल्या दिसल्या. चाक बदलायला शिकत होत्या. नवी कोरी कुर्ती आणि हातात जॅक! स्टेपनीत हवा आहे का, हे त्यांनी स्वतः तपासलं (तुमच्या गाडीच्या स्टेपनीत शेवटची हवा कधी भरली होती, हे आम्ही विचारत नाही, तुम्हीही आम्हाला विचारू नका). राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडली तर 1033 ला फोन करायचा, हे त्यांना पाठ. अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही, दर दोन तासांनी थांबायचं, घाटाच्या उतारावर गाडी गिअरमध्येच ठेवायची आणि मालट्रकच्या पुढ्यात रेंगाळायचं नाही, असे नियम त्यांनी कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवले होते. शेवटचा नियम परतीसाठी. मानपूरच्या पुढचा गणपती घाट आणि सेंधव्यानंतरचा बिजासन, दोन्हीकडे महाराष्ट्राकडे येताना उतार लागतो, आणि ट्रकचे ब्रेक तापून निकामी व्हायचे प्रकार तिथे झालेले आहेत. इतका विचार करून एखादी बाई घराबाहेर पडली तर आपण काळजी कशाची करायची, सांगा? आमच्या हातात काही ठेवलंच नाही.

जेवणाचं मात्र झालं ते बरं झालं. धुळ्याच्या पुढे एका ढाब्यावर बसल्या. वेटर आला, ‘किती जण?’ ‘एक.’ तो गाडीकडे बघून आला. पुन्हा विचारलं, ‘बाकीचे मागून येताहेत?’ ‘नाही.’ मग त्याने चार खुर्च्यांच्या टेबलावरच्या तीन खुर्च्या उचलून दुसरीकडे नेल्या. आल्यावर त्या सांगत होत्या की एकट्याने फिरण्यात भीती वगैरे ठीक आहे, पण खरी अडचण खानदेशी शेवभाजी. ती हाफ प्लेट मिळत नाही. फुल प्लेट मागवली तर तर्रीवर तरंगणारी ती शेव दोघांनाही आवरत नाही. यांनी मागवली, निम्मी खाल्ली, निम्मी डब्यात भरून घेतली. शिरपूरच्या तापी पुलावर तो डबा कलंडला. गाडीला अजून खानदेशचा वास आहे. लिफ्टमध्ये शेजारी उभ्या राहिल्या की कळतं.

मग सातपुडा ओलांडून निमाड, आणि खलघाटला नर्मदा. इथे आम्हाला खरोखर संताप आला. नर्मदा म्हणजे काय साधी नदी आहे? बाजीरावसाहेब ती ओलांडायचे तेव्हा मागे हजारो घोडी असायची. मल्हारराव होळकर याच मुलखात नाव काढून गेले, तेही फौजेनिशी. आणि ही बाई नर्मदा ओलांडते ती पॉडकास्ट ऐकत! वर पलीकडे धामणोदहून वाट वाकडी करून महेश्वरला गेल्या. अहिल्याबाईंचा वाडा, घाट, नदीतलं संध्याकाळचं ऊन, फोटो सगळे ग्रुपवर आले. चौंडीची मुलगी महेश्वरला बसून राज्य करत होती, काशीपासून रामेश्वरपर्यंत घाट, विहिरी, धर्मशाळा बांधत होती. त्या धर्मशाळा तिने वाटसरूंसाठी बांधल्या हे बरोबर, पण वाटसरू देवाला निघालेला असावा अशी तिची अपेक्षा असणार, असं आमचं मत आहे.

महेश्वरी साडीच्या फोटोने मात्र मंडळात फूट पडली. दोन्ही बाजूंनी नेसता येणारा काठ, किल्ल्याच्या दगडांवरची नक्षी उतरवलेली किनार. साडी आवडली नाही असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. शेवटी एकीने मुद्दा काढलाच. ‘बरोबर कुणी नाही, मग अंगावर कशी दिसते ते सांगितलं कुणी?’ विणकराच्या आईने सांगितलं म्हणे. आणि चार साड्या दाखवून त्यातल्या दोन ‘तुला शोभत नाहीत’ म्हणून मागे ठेवल्या. आमच्यातली कुणी बरोबर असती तर असं तोंडावर बोलली असती का? नसती. पाठीमागे बोललो असतो.

इंदूरला उतरल्या त्या एका मराठी आजींच्या घरी, पेइंग गेस्ट म्हणून. इंदूरला मराठी माणसांची काय कमी! लताबाई 1929 साली तिथेच जन्मल्या, आणि ‘सानंद’ या संस्थेचे मराठी नाटकांचे प्रयोग तिथे आजही होतात. आजींकडे जाण्याआधी वहिनींनी एका हॉटेलात चौकशी केली होती. नाव सांगणार नाही, पण काउंटरवरचा पोरगा आधार कार्ड दोनदा उलटसुलट करून ‘सर पीछे आ रहे हैं ना मॅडम?’ हेच विचारत राहिला. म्हणून या आजींकडे आल्या. आजींनी दार उघडलं आणि शुद्ध मराठीत विचारलं, ‘एकट्याच? आणि मिस्टर?’ हे ऐकून आमचा जीव भांड्यात पडला. साडेपाचशे किलोमीटरवरसुद्धा आपली माणसं आहेत.

आता इंदुरी पोह्यांचं. आम्हाला हे लिहिताना हात थरथरतो. तिथले पोहे वाफेवर ठेवतात, तेल जवळपास नाही, आणि त्यात बडीशेप घालतात. बडीशेप! वरून शेव, कांदा, जिरावण नावाचा मसाला, आणि शेजारी जिलबी. पोहे मराठ्यांनीच तिकडे नेले असं म्हणतात. नेले असतील, पण बडीशेप घालायची परवानगी दिली होती का? वहिनींनी हे पोहे तीनही सकाळी खाल्ले. रात्री सराफा. दिवसा तिथे सोनं विकतात आणि रात्री दुकानांची शटर खाली आली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे भुट्ट्याचा कीस, गराडू, खोबऱ्याचं पॅटिस, ताटाएवढी जिलबी. मध्यरात्र उलटून गेली तरी बायका-पोरांची गर्दी. सोनं न घेता सराफ्यातून बाहेर आलेली ही आमच्या माहितीतली पहिली बाई.

पण हे सगळं आम्ही पोटात घातलं असतं. जे घालता येत नाही ते पुढेच आहे. इंदूरपासून उज्जैन पंचावन्न किलोमीटर, तिथे महाकाल. दुसरीकडे ओंकारेश्वर. दोन-दोन ज्योतिर्लिंगं हाताच्या अंतरावर! सासूबाईंनी निघताना एवढंच सांगितलं होतं की, जातेच आहेस तर दर्शन घेऊन ये, आमच्याही नावाने डोकं टेक. कारण मिळालं होतं हो आयतं! बाईंना विचारलं, ‘महाकाल कसा झाला?’ तर म्हणतात, ‘राहूनच गेलं.’ त्यांनी महूला बाबासाहेबांचं जन्मस्थळ पाहिलं, राजवाड्याचे सात मजले खालून मोजले, खजराना गणपतीला गेल्या, आणि उरलेला वेळ कुठे घालवला म्हणता? कचरा बघण्यात.

होय, कचरा. इंदूर 2017 पासून सलग सात वर्षं स्वच्छ सर्वेक्षणात देशात पहिलं आलं, हे आपण पेपरात वाचतो आणि पान उलटतो. बाई सकाळी उठून कचरागाडीच्या मागे चालत गेल्या. तिथे घराघरातून कचरा सहा प्रकारांत वेगळा करून देतात. ओल्या कचऱ्यापासून गॅस करायचा रोज 550 टन क्षमतेचा प्रकल्प फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झाला आहे, हे त्यांनी आजींकडून, गाडीवाल्याकडून, दिसेल त्याच्याकडून काढून घेतलं. केळं खाल्लं तर साल टाकायला डबा सापडेपर्यंत हातात धरून फिरल्या. माणूस परगावी जातो तेव्हा शेव आणतो, चिवडा आणतो. या बाईंनी डोंबिवलीत सहा डबे आणले. मागच्या सोसायटी मीटिंगमध्ये पार्किंगचा विषय बाजूला राहिला आणि पाऊण तास सॅनिटरी कचरा वेगळा का हवा यावर भाषण झालं. चेअरमन तेव्हापासून जिन्याने येतात-जातात. एकट्या बाईला इंदूरला सोडल्याचा हा परिणाम सगळी सोसायटी भोगते आहे.

दरम्यान नवऱ्याची काय अवस्था? वहिनी गेल्या त्या दिवसापासून त्याच्याकडे आम्ही पाळीपाळीने डबे पाठवले. सोमवारी अळूची भाजी, मंगळवारी बिरडं, बुधवारी दोन घरांतून एकदम पुरणपोळी. वहिनी परतल्या तेव्हा त्याचं वजन वाढलेलं होतं आणि तो ‘आता कुठे जाणार आहेस पुढे?’ असं विचारत होता. हे फार प्रेमाने विचारत होता, याची आम्ही नोंद घेतली आहे.

आणि साथ पसरली ना! पांढरा सदरा घालून गेलेले ते काका गेल्या महिन्यात स्वतः नागपूरला जाऊन आले. एकटे. समृद्धीवरून, 701 किलोमीटर. काकू म्हणाल्या, मला मालिका बघू दे, तुम्ही जा. नागपुरात काय पाहिलंत, म्हणून विचारलं तर तर्री पोहे खाल्ले आणि परत फिरलो म्हणाले. त्यांना रस्ता बघायचा होता. सरळसोट रस्त्यावर ताशी 120 च्या मर्यादेत तासन् तास चाललं की डोळ्यांवर झापड येते, म्हणून त्यांनी विष्णुसहस्रनाम मोठ्याने म्हणत गाडी चालवली, असं ते अभिमानाने सांगतात. ए विंगचा तो मोटारसायकलवाला पोरगा तर आता कुणाच्या खिजगणतीतही नाही. तो दोनदा लडाखला जाऊन आला, हेल्मेटवर कॅमेरा लावून. पण पंचविशीतला पोरगा लडाखला गेला यात चघळण्यासारखं काय आहे?

खरा धक्का भिशीत बसला. यंदा नंबर लागला तो बी विंगच्या काकूंना, वय एकसष्ट. दरवर्षी त्या एक वेढणं घेतात. या वेळी त्यांनी फास्टॅगचा वार्षिक पास काढला. ऑगस्ट 2025 पासून निघालाय तो. निघाला तेव्हा तीन हजार रुपयांत राष्ट्रीय महामार्गांवरचे दोनशे टोल. समृद्धीवर चालत नाही, तो रस्ता राज्याचा, हेही त्यांना माहीत. कुठे निघालात, विचारलं तर म्हणाल्या, हंपी. कुणाबरोबर, विचारलं तर नुसत्या हसल्या. काकूंना गाडी येते हे आम्हाला त्या दिवशी कळलं. काकांना अजून कळलेलं नाही.

तर मंडळी, प्रकरण हाताबाहेर चाललं आहे. तुमच्या सोसायटीत, चाळीत, नात्यात कुणी असं विनाकारण, विनासोबत नव्या शहराकडे गाडी वळवली असेल, किंवा कुणी पंक्चरवाल्याच्या स्टुलावर संशयास्पदरीत्या बसलेलं दिसलं असेल, तर आम्हाला ताबडतोब कळवा. रस्ता कसा आहे, राहायची सोय कुठे झाली आणि खायला काय मिळतं, एवढं जरा सविस्तर लिहा. नाव आम्ही कुणालाही सांगणार नाही. आणि सांगितलंच, तर सगळ्यांना एकदमच सांगू.